चालत्या संगणकांना भंगारात काढू नका : जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद

विषय : शाळांतील जुन्या संगणकांचे सरसकट निर्लेखन आणि वापरलेले संगणक देणगीत स्वीकारण्यास घातलेली मनाई

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयातून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तेथून केंद्रप्रमुखांमार्फत शाळांकडे गेलेले परिपत्रक आता तालुक्यातल्या बहुतेक मुख्याध्यापकांच्या हाती पडले आहे. त्यात तीन आदेश आहेत. २०१८ पूर्वी खरेदी केलेले किंवा देणगीत मिळालेले सर्व संगणक कालबाह्य समजून त्यांचे निर्लेखन करावे, म्हणजे ते निकामी ठरवून शाळेच्या नोंदीतून कमी करावेत, आणि ते तालुक्याच्या ठिकाणी जमा करून वजनावर लिलावात काढावेत, हा पहिला. शाळांनी यापुढे कोणाकडूनही वापरलेला संगणक स्वीकारू नये, हा दुसरा. आणि शाळेतील प्रत्येक संगणकावर ‘परवानाधारक’ कार्यप्रणालीच (विंडोजसारखे संगणक चालवणारे मूळ सॉफ्टवेअर) असावी, हा तिसरा. कारण म्हणून माहितीची सुरक्षा आणि ई-कचऱ्याची योग्य विल्हेवाट ही दोन उद्दिष्टे दिली आहेत. दोन्ही उद्दिष्टे मला मान्य आहेत. हे परिपत्रक त्या दोन्हींच्या विरुद्ध जाते, एवढीच माझी तक्रार आहे, आणि आपल्याला एकट्याने भेटून ती सांगण्याचा प्रयत्न आवक-जावक विभागाच्या पलीकडे गेला नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहावे लागत आहे.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, ते आधी सांगतो. तालुक्याच्या गावी माझे संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. बँकांच्या शाखा, पतसंस्था, महाविद्यालये, वकील मंडळी यांच्याकडून बदललेले संगणक माझ्याकडे येत असतात. त्यांतले धडधाकट बाजूला काढायचे, दोनांचा एक करायचा, त्यांवर लिनक्स ही मोफत, मुक्त कार्यप्रणाली घालायची आणि ते वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांना व गावच्या अभ्यासिकांना द्यायचे, असे काम आम्ही काही जण गेली अनेक वर्षे करत आहोत. त्यात दोन निवृत्त गुरुजी आहेत आणि आयटीआयच्या कोपा (संगणक चालक व प्रोग्रामिंग सहायक) ट्रेडची काही मुले-मुली आहेत. शाळेकडून पैसे घेत नाही. सुटे भाग लागले तर गावातून लोकवर्गणी होते, कधी शाळा व्यवस्थापन समिती सोय करते. शाळांच्या कागदपत्रांत याला ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात आणि आपल्याच विभागाच्या आढावा बैठकांत त्याचे आकडे अभिमानाने वाचून दाखवले जातात. एका बाजूला उठाव किती झाला म्हणून मुख्याध्यापकांना विचारायचे आणि दुसऱ्या बाजूला उठावात आलेला संगणक भंगारात जमा करा म्हणायचे, याची संगती आपणच लावून द्यावी.

आता मुद्द्यांकडे वळतो.

सर्वांत मोठा आक्षेप ‘सरसकट’ या पद्धतीवर आहे. संगणक निकामी झाला आहे की नाही हे त्याच्या खरेदीच्या सालावरून ठरत नाही, तो उघडून पाहिल्यावर ठरते. परिपत्रक आल्यानंतर एका द्विशिक्षकी शाळेतून ‘बंद’ असा शेरा मारलेला संगणक माझ्याकडे आला. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, दोन जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. शाळेच्या साहित्याच्या डेडस्टॉक नोंदवहीत त्याच्यापुढे ‘इंटरनेट चालत नाही, निर्लेखनास योग्य’ असे लिहिलेले होते. चालू केला तर पडद्यावरची तारीख २०११ सालातली. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपला की संगणक बंद केल्यावर त्याचे घड्याळ मागे जाते, आणि घड्याळ मागे गेले की ब्राउझरला सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ‘अजून लागू न झालेली’ दिसतात, म्हणून तो एकही पान उघडू देत नाही. गुरुजींना वाटले इंटरनेट गेले, तंत्रज्ञ कोणी नव्हता, शेरा पडला. तो सेल किराणा दुकानातही मिळतो आणि चहा-वड्याच्या खर्चात येतो. त्याच संगणकाची रॅम आमच्याकडच्या दमट पावसाळ्याने काळवंडली होती. तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्याच खोडरबराने हलक्या हाताने घासल्या, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा, वाळलेला थर्मल पेस्ट काढून नवा लावला, हार्ड डिस्कच्या जागी लहान एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली आणि आणखी दोन जीबी रॅम जोडली. त्यावर लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती व्यवस्थित चालते. या प्रणालीची किमान गरज दोन जीबी रॅमची आहे आणि चार जीबी असेल तर मुलांना वाट पाहत बसावे लागत नाही. हा संगणक आपल्या यादीत भंगार आहे. टायर झिजला म्हणून ट्रॅक्टर भंगारात घालणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

सगळेच जुने संगणक वाचवण्यासारखे असतात, असे मात्र मी म्हणत नाही. पेंटियम फोरच्या काळातली यंत्रे वीज खातात, उष्णता ओकतात आणि आजचे ब्राउझर त्यांच्याने पेलत नाहीत. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या प्रकल्पानेही २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिटच्या जुन्या संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली आहे. फुगलेले कपॅसिटर, जळलेला बोर्ड, पॉवर सप्लायमध्ये मेलेल्या पालीने झालेले शॉर्टसर्किट, हे सगळे आम्ही रोज पाहतो आणि असे संगणक पुनर्चक्रणासाठी गेलेच पाहिजेत. भावनेपोटी पत्र्याचे डबे सांभाळत बसण्याचा आमचा हट्ट नाही. पण २०११-१२ पासून २०१७ पर्यंतचे जे संगणक शाळांत आहेत, त्यांतला बराच माल चांगला आहे, आणि नेमका तोच आपल्या २०१८ च्या रेषेने एका फटक्यात बाद होतो.

ही रेषा कोठून आली असावी, याचा अंदाज करता येतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा दुरुस्ती थांबवली, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षा-चिपची सोय व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या अखेरीपूर्वी बाजारात आलेले बहुतेक संगणक त्या दारातून आत जाऊ शकत नाहीत. ज्या प्रणालीला सुरक्षा दुरुस्ती मिळत नाही ती इंटरनेटला जोडू नये, हा आपला आग्रह रास्तच आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपल्यानंतरही सरकारी कार्यालयांत ती किती वर्षे चालू होती, हे पाहिलेला माणूस याला विरोध करणार नाही. पण आधार संपला आहे तो त्या प्रणालीचा, संगणकाचा नव्हे. त्याच संगणकावर आज लिनक्स मिंट २२ घातले तर त्याला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्ती फुकट मिळते. डेबियन १२ घातले तर २०२८ च्या जूनपर्यंत मिळते. एका कंपनीने आपल्या मालासाठी आखलेली मुदत जिल्हा परिषदेने सार्वजनिक पैशातून घेतलेल्या यंत्रांवर जशीच्या तशी का लागू करावी?

परवान्याच्या अटीबद्दल गैरसमज आहे, तो दूर व्हावा. लिनक्सवर चालणाऱ्या शाळांना काही ठिकाणी ‘विनापरवाना’ ठरवून नोटीस देण्याची भाषा झाली. मुक्त सॉफ्टवेअरलाही परवाना असतोच, आणि तो वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे हक्क लेखी देतो. उलट, नोटीस न मिळालेल्या कितीतरी शाळांत विंडोजच्या कशा प्रती चालतात, हे दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला विचारू नये हेच बरे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या शालेय आयसीटी धोरणात मुक्त आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे स्पष्टपणे म्हटले आहे, आणि २०१५ मध्ये केंद्राने आपल्या सर्व विभागांसाठी ओपन सोर्सचा अंगीकार करण्याचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स प्रणाली कित्येक वर्षांपूर्वी तयार केली आहे. देशाच्या धोरणात ज्याला पहिली पसंती आहे, त्याला जिल्ह्याच्या परिपत्रकात दंड व्हावा, हे मनाला पटत नाही.

‘मुलांना पुढे विंडोजच वापरावे लागणार, मग हे कशाला?’ असा प्रश्न गटसाधन केंद्रातल्या एका साहेबांनी मला विचारला होता. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही देतो. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणक शिक्षण वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालवले आहे. २००१ मध्ये तेथे ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला, २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली, आणि उबुंटूवर आधारलेली स्वतःची शालेय आवृत्ती ती शाळांना पुरवते. तिथली मुले पुढे नोकरीला लागत नाहीत असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. तेथील यशाचे खरे कारण मला सॉफ्टवेअरपेक्षा शिक्षक वाटतात. त्यांना प्रशिक्षण मिळाले, ते शिक्षकांनीच शिक्षकांना दिले, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाच्या विद्यार्थी मंडळांमुळे शाळेतल्या संगणकाची देखभाल मुलांच्याही हाती आली. आपल्याकडे केंद्राच्या आयसीटी योजनेतून माध्यमिक शाळांत ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर कक्ष उभे राहिले, पाच वर्षांचा करार संपला, संगणक शिक्षक घरी गेले आणि कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली. तेव्हा कमी पडला होता तो माणूस, यंत्र नव्हे. गोव्यातही या शतकाच्या सुरुवातीला परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्सवर चालवून शाळांना देण्याचा प्रयत्न झाला होता, म्हणजे ही कल्पना मराठी-कोकणी मुलखाला अनोळखी नाही.

प्राथमिक शाळेत संगणकावर मुले करतात काय, हेही एकदा पाहायला यावे. टक्स पेंटमध्ये चित्रे काढतात, जीकॉम्प्रीत बेरजा-वजाबाक्यांचे खेळ खेळतात, मोठी मुले स्क्रॅचमध्ये मांजर नाचवतात, स्टेलॅरियम उघडून रात्री अंगणातून दिसलेला तारा कोणता ते शोधतात. इंटरनेट नसलेल्या वाडीवर किविक्स नावाच्या साधनातून अख्खा मराठी विकिपीडिया संगणकातच साठवून ठेवता येतो. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स मराठीतून वापरता येतात आणि युनिकोड इन्स्क्रिप्ट कळफलक वेगळा विकत घ्यावा लागत नाही. भाषांतर मधूनमधून अर्धवट आहे, काही शब्द वाचून मुले हसतात, हे खरे. पण ते आपले आपण सुधारता येते, ही सोय दुसरीकडे कोठे आहे?

कार्यालयीन कामाची अडचण मात्र मी नाकारत नाही. काही डिजिटल सहीच्या टोकनचे चालक-सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी असते, आणि जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या फायली युनिकोडमध्ये आणायला वेळ लागतो. ज्या एखाद्या संगणकावर शाळेचे असे काम होते तो खुशाल नवा घ्यावा. त्यासाठी मुलांच्या टेबलावरचे चार संगणक उचलून नेण्याचे कारण नाही. आणि त्या रिकाम्या टेबलावर नवे संगणक कधी येणार, याबद्दल परिपत्रकात एक ओळही नाही.

आता ई-कचऱ्याबद्दल, कारण त्याच्या नावाने हा सगळा खटाटोप चालला आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ मध्ये ई-कचऱ्याची व्याख्या ‘कचरा म्हणून टाकून दिलेले’ उपकरण अशी आहे. चालता संगणक एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेला तर तो कचरा होत नाही, आपण निर्लेखनाची सही केली की होतो. हेच नियम जुन्या उपकरणांचे आयुष्य वाढवणाऱ्यांना, म्हणजे रिफर्बिशरना, स्वतंत्र घटक म्हणून मान्यता देतात. आणि वजनावर लिलाव झाल्यावर हा माल जातो कोठे, याचा विचार झाला आहे काय? जास्त बोली लावणारा भंगारवाला नोंदणीकृत पुनर्चक्रण करणारा असेलच असे नाही. तांब्यासाठी वायरी जाळणे, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवणे, उरलेली काच आणि प्लास्टिक नाल्याकाठी टाकणे, हे देशाच्या मोठ्या शहरांच्या कडेने उघड चालते. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते, काही वर्षांपूर्वीच्या एलसीडी पडद्यांतल्या नळ्यांत पारा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणास गेल्याची नोंद आहे. संगणकाचा पर्यावरणावर पडणारा भार मोठ्या प्रमाणात तो कारखान्यात घडतानाच पडून जातो. म्हणून चालणाऱ्या यंत्राची पाच वर्षे वाढवणे हेच पहिले ई-कचरा व्यवस्थापन ठरते.

याहून गंभीर गोष्ट परिपत्रकातून निसटली आहे. शाळेच्या संगणकांत ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ या सरकारी ऑनलाइन माहिती प्रणालींसाठी भरलेल्या मुलांच्या याद्या आहेत, आधार क्रमांक आहेत, जातीच्या दाखल्यांच्या आणि पालकांच्या बँक पासबुकांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. फाइल डिलीट केल्याने किंवा डिस्क झटपट फॉरमॅट केल्याने ही माहिती पुसली जात नाही, मोफत मिळणाऱ्या साधनांनी ती परत काढता येते. माझ्याकडे विकायला आलेल्या एका जुन्या डिस्कवर एका वर्गाची संपूर्ण यादी पालकांच्या दूरध्वनी क्रमांकांसह शाबूत होती. आम्ही ती त्याच दिवशी पुसली, दुसऱ्याने काय केले असते ते सांगता येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मुलांच्या माहितीबद्दल विशेष काळजी घ्यायला सांगतो. माहितीच्या सुरक्षेसाठी काढलेल्या परिपत्रकात डिस्क पुसण्याचा उल्लेखसुद्धा नसावा आणि डिस्कसकट संगणक किलोच्या भावाने विकले जावेत, हे आपल्या स्वाक्षरीने घडू नये असे मला मनापासून वाटते. एनवाइप नावाचे मुक्त साधन पेन ड्राइव्हवरून चालते. संध्याकाळी जुनी डिस्क पुसायला लावली तर सकाळपर्यंत काम झालेले असते.

या सर्वांचा विचार करून माझ्या मागण्या मांडतो. निर्लेखन आणि लिलावाची कार्यवाही तूर्त थांबवावी आणि प्रत्येक संगणकाची प्रत्यक्ष चाचणी व्हावी. निर्लेखन समितीत निदान एक जाणकार तंत्रज्ञ असावा, जिल्ह्यातल्या आयटीआयकडून किंवा तंत्रनिकेतनाकडून तो सहज मिळेल. खरेदीच्या सालाऐवजी साध्या तांत्रिक निकषांवर ‘ठेवावा’, ‘सुट्या भागांसाठी वापरावा’ आणि ‘पुनर्चक्रणास द्यावा’ अशी वर्गवारी करावी.

वापरलेले संगणक स्वीकारण्यावरची बंदी मागे घ्यावी. तिच्याऐवजी एक पानी नमुना ठरवून द्यावा, ज्यात देणाऱ्याचे संमतीपत्र, डिस्क पुसल्याची नोंद, तपासणाऱ्याची सही आणि डेडस्टॉक क्रमांक एवढे असेल. आपल्या जिल्ह्यातल्या बँका आणि पतसंस्था दर काही वर्षांनी संगणक बदलतात. देण्याची त्यांची तयारी असते, त्यांना भीती असते ती फक्त ग्राहकांच्या माहितीची आणि लेखापरीक्षणातल्या प्रश्नांची. हा एक कागद दोन्ही भीती घालवील.

मुक्त कार्यप्रणाली चालवणाऱ्या शाळा नियमबाह्य नाहीत, असे लेखी स्पष्टीकरण द्यावे. प्रत्येक केंद्रातील दोन शिक्षकांना तिचे प्रशिक्षण मिळावे. ते देण्यास आमचा गट विनामूल्य तयार आहे, फक्त त्या दिवसांची कर्तव्यरजा आपण मंजूर करावी, कारण एमएस-सीआयटीपासून विंडोजवरच हात बसलेल्या शिक्षकांना रविवारी बोलावून हे काम होणार नाही. सेल, रॅम, एसएसडी अशा किरकोळ भागांवरचा खर्च समग्र शिक्षा अभियानातील संयुक्त शाळा अनुदानातून करता येईल, असे मार्गदर्शन मुख्याध्यापकांना व्हावे. आज ते लेखापरीक्षणाच्या धास्तीने चाळीस रुपयांचा सेलही स्वतःच्या खिशातून आणतात. आणि जे खरोखर निकामी ठरतील, ते डिस्क पुसून किंवा फोडून, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्यालाच पावतीसह द्यावेत.

आमच्या म्हणण्यावर केवळ विश्वास ठेवा, असा आग्रह नाही. तालुक्यातील कोणत्याही एका केंद्रशाळेत, आपण ठरवाल त्या दिवशी, निर्लेखनाच्या यादीतले आपण निवडाल ते दहा संगणक आमच्यापुढे ठेवावेत. विस्तार अधिकारी, पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासमोर आम्ही ते उघडू, किती चालतात, किती चालत नाहीत आणि प्रत्येकाला काय खर्च आला, ते तिथल्या तिथे लिहून देऊ. त्यातले निम्मेही चालले नाहीत तर लिलावाला आमची हरकत राहणार नाही. परिपत्रकानुसार संगणक जमा करण्याची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते, म्हणून त्यापूर्वी लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. या पत्राची प्रत जिल्ह्यातील सर्व गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवत आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
तालुक्याच्या गावचा एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक